कनाल द्यू मिदी: बोटी डोंगर चढल्या, पण वर पाणी कुठून आलं?

प्रश्न असा आलाय की फ्रान्समधला कनाल द्यू मिदी हा कालवा साडेतीनशे वर्षांपूर्वी ना जेसीबी ना पोकलेन, नुसत्या कुदळ-फावड्यावर कसा काय बांधला, आणि तो बांधणारा माणूस इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर वसूल करणारा होता हे खरं आहे का. शेवटी एक शेपूट पण जोडलंय, की मग आपल्याकडे घाटावरून कोकणात उतरणारा असा कालवा कुणी का नाही काढला. माझी नोकरी सगळी सिंचनाच्या कालव्यांवर गेली, त्यामुळे या कालव्याकडे मी टुरिस्टच्या नजरेने नाही बघत, पाणी कुठून येतं, गाळ कुठे जातो आणि भराव कुठे फुटतो याच नजरेने बघतो, तर उत्तरही तसंच येणार, आणि लांबणार.

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. हो, खरं आहे. प्येर-पॉल रिके, बेझिये गावचा, लांगदॉक प्रांतात मिठाच्या कराचा मक्तेदार, त्यात गब्बर झालेला. नोव्हेंबर १६६२ मध्ये त्याने लुई चौदाव्याचा अर्थमंत्री कोलबेर याला पत्र लिहून ही योजना मांडली, १६६६ च्या ऑक्टोबरमध्ये राजाचं फर्मान निघालं, १६६७ ला काम सुरू झालं, आणि मे १६८१ मध्ये कालवा सुरू झाला. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा तिकडे हे काम ऐन भरात होतं, म्हणजे काळाचा अंदाज येईल. रिके मात्र ऑक्टोबर १६८० मध्येच गेला, उद्घाटनाच्या सातेक महिने आधी.

आता मूळ प्रश्न. सगळे विचारतात खोदाई कशी केली, पण २४० किलोमीटर खोदाई हा या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग. पाण्याच्या पातळीला वीसेक मीटर रुंद आणि दोनेक मीटर खोल असा चर, माती वर काढायची, दोन्ही बाजूला भराव घालायचा, आणि यासाठी गर्दीच्या दिवसांत बारा हजारांपर्यंत माणसं कामावर, बाया धरून. माणसं असली की माती हलते, आपल्याकडे दुष्काळी कामांवर किती तलाव आणि पाट असेच झालेत. ज्या कारणाने ही योजना शेदीडशे वर्षं नुसती बोलली जात होती ते कारण खोदाईचं नव्हतंच, पाण्याचं होतं.

जमीन कशी आहे बघा. अटलांटिककडून गारोन नदीने तुलूझपर्यंत बोटी येत होत्या. तुलूझपासून भूमध्य समुद्र पलीकडे, तिथे जायचं तर जहाजाला अख्ख्या स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावं लागायचं, वाटेत चाच्यांची भीती आणि स्पेनशी तर कायमचं वाकडं. म्हणून तुलूझपासून भूमध्यापर्यंत पाण्याचा रस्ता हवा. पण मधे पाणलोटाची धार आहे, म्हणजे जिथून पावसाचं पाणी दोन बाजूंना वाटलं जातं तो उंचवटा, नोरूझची खिंड, समुद्रसपाटीपासून साधारण १८९ मीटर. तुलूझ १३२ च्या आसपास. म्हणजे तुलूझहून निघालेली बोट आधी ५७ मीटर चढणार आणि मग पार समुद्रापर्यंत १८९ मीटर उतरणार.

आमचा सिंचनाचा कालवा कसा असतो, धरणातून निघतो आणि हळूहळू खालीच उतरत जातो, काही हजार मीटरला एक मीटर असा उतार, पाणी आपोआप पुढे सरकतं. बोटींच्या कालव्याचं गणितच वेगळं. त्यात पाणी जवळजवळ उभं राहिलं पाहिजे, नाहीतर वर जाणारी बोट ओढणार कोण. म्हणून कालव्याचे सपाट तुकडे करायचे आणि दोन तुकड्यांच्या मधे लॉक, म्हणजे दोन दारांची एक हौदासारखी खोली. बोट आत, खालचं दार बंद, वरून पाणी सोडा, बोट वर, वरचं दार उघडा, चला पुढे. पंप नाही, इंजिन नाही, सगळं काम पाण्याचं वजन करतं. पण दर वेळी एक हौद पाणी वरून खाली जातं, आणि ते परत वर येत नाही.

आता हे धारेवर लावून बघा. बोट एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरली की माथ्यावरच्या तुकड्यातून दोन्हीकडे एकेक हौद पाणी गेलं. खालच्या लॉकना वेगळं पाणी लागत नाही, तेच पाणी एका लॉकमधून पुढच्यात उतरत जातं, म्हणून माथ्याचा हिशोब पक्का असला की बाकीचा बऱ्यापैकी जमतो (सगळ्या लॉकची उंची सारखी नसेल तर सगळ्यात मोठं लॉक जेवढं पितं तेवढं सोडावं लागतं, हे नवीन पोरं हमखास विसरतात). इथलं लॉक साधारण ३० मीटर लांब, उंचीतला फरक धरू अडीच मीटर, तर एक हौद म्हणजे अंदाजे ६०० घनमीटर. दोन बाजूंचे मिळून १२०० घनमीटर, म्हणजे १२ लाख लिटर, दहा हजारी टँकर धरले तर १२० टँकर, आणि हे एका बोटीला! वर झिरपा आणि बाष्पीभवन वेगळंच, ते तर बोट नसली तरी चालूच असतं. आणि हे पाणी पाहिजे कुठे, तर पाणलोटाच्या धारेवर, जिथे व्याख्येनेच नदी नसते, असतात ते दोन्हीकडे पळून जाणारे ओहोळ.

रिकेची अक्कल दिसते ती इथे. नोरूझच्या पूर्वेला थोडं लांब माँतान्य न्वार म्हणजे काळा डोंगर आहे, तिथे पाऊस चांगला, ओढे बारमाही. हा माणूस त्याच डोंगराच्या पायथ्याशी रेव्हेल गावात राहिलेला, त्यामुळे त्याला तो भाग पाठ. सोबत कांपमास नावाचा तिथलाच पाण्याचा जाणकार, आंद्रेओसी नावाचा नकाशे आणि आराखडे करणारा तरुण. कल्पना अशी की डोंगरातले ओढे, आल्झो, व्हेर्नासोन, लांपी, रिओतोर, सोर, हे एकेक करून वरच्या वरच आडवे गाठायचे, एका बारक्या पाटात घ्यायचे, आणि तो पाट डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत घेत नोरूझच्या माथ्यावर आणून सोडायचा. डोंगरातला एक पाट आणि मैदानातला दुसरा, मिळून साठेक किलोमीटर. आपल्याकडच्या कुठल्याही समपातळीवरच्या कालव्यावर ज्याने पायी चेनेज, म्हणजे कालव्याच्या वाटेने अंतर, मोजलंय त्याला हे लगेच कळेल, नाकासमोर पाच किलोमीटर असलेलं गाव कालव्याच्या वाटेने बारा किलोमीटर पडतं, कारण प्रत्येक नाल्याच्या कुशीत आत जाऊन परत बाहेर यायचं असतं.

पॅरिसमध्ये कुणाचा विश्वास बसेना. मिठाचा मक्तेदार सांगतोय की पाणी डोंगराच्या कडेने साठ किलोमीटर चालत येईल, आणि लेव्हल काढायची साधनं तेव्हा यथातथाच. कमिशन आलं, पाहणी झाली, आणि त्यांनी शहाणपणाची अट घातली: आधी एक बारका प्रयोगाचा चर खणून दाखव. १६६५ मध्ये रिकेने स्वतःच्या खर्चाने तो चर काढला, पाणी सोडलं, आणि पाणी नोरूझला पोचलं. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच, फर्मान, कोनशिला वगैरे नंतरचं सगळं कागदोपत्री. पाण्याशी खोटं बोलता येत नाही, लेव्हल चुकली असती तर ते मधेच तुंबलं असतं.

पण ओढे उन्हाळ्यात बारीक होतात, मग साठा हवा. त्यासाठी लोदो नावाच्या ओढ्यावर सँ-फेरेओलचं धरण बांधलं, १६६७ ते १६७२. लांबी ७८० मीटरच्या वर, उंची पायापासून ३५ मीटरच्या आसपास आणि पायथ्याची जाडी तब्बल १४० मीटर. आडव्या छेदात बघितलं तर तीन दगडी भिंती एकमेकींना समांतर, मधली सगळ्यात उंच आणि मुख्य, आणि त्यांच्या मधल्या जागेत दगडमातीचा भराव. आज आपण मधे अभेद्य मातीचा गाभा घालतो, त्यांनी तिथे भिंत घातली, विचार एकच. धरणाच्या पोटातून दगडी कमानीचे बोगदे गेलेत आणि त्यातल्या एकाच्या टोकाला काशाचे नळ, माणसाने अंधारात आत चालत जाऊन फिरवायचे. साठा ६३ लाख घनमीटर, म्हणजे ०.२२ टीएमसी, आपल्या खडकवासल्याच्या नवव्या भागाएवढा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण वरचा हिशोब लावा, नुसत्या साठ्यावर पाच हजार बोटी पार होतात (गळती सोडून). आणि हे धरण शेतीसाठी नाही, शहरासाठी नाही, फक्त बोटींच्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून बांधलेलं.

आता यातल्या उणिवा, कारण या कालव्यावर लिहिणारे बहुतेक जण रिकेला देव करून मोकळे होतात. पहिली उणीव, डोंगरातला पाट ज्या ठिकाणी संपत होता तिथून त्याचं पाणी सोर नदीत पडून खालच्या पाटात जायचं, सँ-फेरेओलमध्ये येत नव्हतं. म्हणजे धरण मोठं पण त्याला भरायला लोदो हा एकटा बारका ओढा. १६८६ मध्ये वोबाँ, तोच किल्ले बांधणारा प्रसिद्ध लष्करी इंजिनिअर, पाहणीला आला तेव्हा त्याने हे बरोबर हेरलं, डोंगरातला पाट पुढे वाढवला आणि ले कामाझ गावाखालून शंभर-सव्वाशे मीटरचा बोगदा काढून तेच पाणी लोदोच्या खोऱ्यात वळवलं. धरणाची भिंतही उंच केली.

दुसरी उणीव जास्त गंभीर, आणि इथे मी जरा थांबणार, कारण आमच्या खात्यातल्या कुणालाही विचारा कालव्याचा जीव कशात असतो, तो सांगेल सीडी वर्क्समध्ये, म्हणजे आडवे येणारे ओढे-नाले पार करायच्या कामांत. कालवा डोंगराच्या कडेने जातो म्हणजे वरून येणारा प्रत्येक ओहोळ त्याला आडवा येणारच. मग एकतर ओढ्याला कालव्याखालून मोरीतून न्यायचं, किंवा कालव्याला जलसेतूवरून ओढ्यावरून न्यायचं, किंवा सरळ ओढ्याला कालव्यात येऊ द्यायचं आणि पलीकडच्या काठावरून बाहेर काढायचं. तिसरा उपाय स्वस्त, आणि रिकेने बहुतेक ठिकाणी तोच केला. पाणीही फुकट मिळतं ना! पण पहिल्या वळवाच्या पावसात काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. ओढा रिकामा येत नाही, शेतातली माती, वाळू, झाडोरा घेऊन येतो, आणि कालव्याच्या उभ्या पाण्यात शिरला की वेग मरतो आणि सगळं ओझं तिथल्या तिथे टाकतो. आत शिरतो त्या तोंडाशी पंख्याच्या आकाराचा गाळाचा ढीग, दोन दिवसांत गुडघाभर. आमच्याकडे तर एवढ्यावर भागत नाही, पाणी भरावावरून पलीकडे उलटतं आणि तोच भराव कापत जातं, सकाळी बघावं तर पाच मीटरचं भगदाड आणि खालच्या शेतकऱ्याच्या उसात कालवा.

तिथेही तेच झालं, कालवा सुरू होऊन चार-पाच वर्षांत गाळाने जागोजागी अडला. वोबाँने मग पुढची काही वर्षं पन्नासेक ठिकाणी ओढे कालव्याखालून नेले किंवा कालवा त्यांच्यावरून नेला, सेस नदीवरचा मोठा जलसेतू त्यातलाच. रिकेला जलसेतू माहीत नव्हता असं मुळीच नाही, रेप्युद्र ओढ्यावर त्याने १६७६ मध्येच एक बांधला होता आणि तो आजही वापरात आहे. पण सगळीकडे करायला पैसा आणि वेळ नव्हता. नोरूझच्या माथ्यावर त्याने अष्टकोनी मोठा तलाव केला होता, भोवती शहर वसवायचा विचार होता, तोही गाळाने भरला आणि सोडून द्यावा लागला. लोक म्हणतात कालवा रिकेचा, आहेच, पण तीनशे वर्षं चालला तो वोबाँच्या मोऱ्यांमुळे, हे माझं मत.

लॉकचा आकार बघितलाय का फोटोत? सरळ चौकोनी नाहीत, दोन्ही बाजूच्या भिंती बाहेर फुगलेल्या, अंड्यासारख्या, दारापाशी सहाएक मीटर आणि मधे अकरा. ही हौस नाही. सुरुवातीला सरळ भिंतींची लॉक बांधली, त्यातली भिंत ढासळली, कारण लॉक रिकामं झालं की मागची ओली माती भिंतीला आत ढकलते आणि आतून टेकू द्यायला पाणी नसतं. मग भिंत मातीच्या बाजूला वळवली, म्हणजे आडवी झोपवलेली कमानच झाली, दाब दोन्ही टोकांना जातो. पाणी थोडं जास्त लागतं, पण भिंत उभी राहते.

सगळ्यात जास्त फोटो निघतात ते बेझियेजवळ फोन्सेरानच्या जिन्याचे, एकाला एक लागून आठ हौद, साडेएकवीस मीटर उतार. वरचा हौद भरलेला आणि खालचा रिकामा असेल तरच बोट हलते, म्हणून चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या बोटींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. दिसायला भारी, पण मला त्याच्या अलीकडचा तुकडा जास्त आवडतो. आर्जांपासून फोन्सेरानपर्यंत जवळजवळ ५४ किलोमीटर एकही लॉक नाही! एवढं अंतर एकच पातळी धरून कालवा नेलाय, त्या काळच्या साधनांनी, हे जिन्यापेक्षा कितीतरी कठीण. त्याच तुकड्यात मालपाचा बोगदा आहे, १६७९ चा, सुमारे १६५ मीटर, कालव्यासाठी डोंगर पोखरल्याचं युरोपातलं हे पहिलंच उदाहरण धरतात. खडक मऊ आणि ढासळणारा, विरोधक टपून बसलेले. पण त्याच आन्सेर्यून टेकडीच्या पोटातून १३ व्या शतकात मोंतादीचं तळं कोरडं करायला पाण्याचा बोगदा काढलेला होता, त्यामुळे हा डोंगर पोखरता येतो हे स्थानिक लोकांना चारशे वर्षं ठाऊक होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात रेल्वेनेही तिथूनच बोगदा काढला, म्हणजे एकाच टेकडीत तळ्याचं पाणी, बोटी आणि आगगाडी, तीन मजले.

पैशाचं थोडक्यात. एकूण खर्च १५ ते १७ दशलक्ष लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) असा सांगतात, राजाने आणि प्रांताने प्रत्येकी दोन-दोन वाटे उचलले आणि एक रिकेने, बदल्यात कालव्याची मालकी आणि टोल त्याच्या घराण्याला. आजच्या भाषेत बीओटीच, पैसा घालून बांधा आणि टोलमधून वसूल करा. तो मेला तेव्हा घर कर्जात बुडालेलं, नफा दिसायला १७२४ उजाडलं. मजुरांना मात्र चांगलं ठेवलं, महिन्याचा पगार, रविवार-सणवार, पाऊस आणि आजारपणाची मजुरी कापायची नाही, १६६० च्या दशकात हे ऐकूनच लोक शेतं सोडून आले असणार (जमीनदार अर्थातच भडकले). कार्कासोन शहराने आपला वाटा द्यायला नकार दिला, तर कालवा शहराला बगल देऊन गेला, आणि मग त्यांना पश्चात्ताप होऊन कालवा गावापर्यंत वळवून यायला १८१० साल लागलं.

दोन समुद्र जोडायचं स्वप्न तसं अर्धवटच राहिलं, कारण मोठी जहाजं यातून जाणं शक्यच नव्हतं आणि तुलूझच्या पुढची गारोन बेभरवशाची. चालला तो गव्हावर आणि दारूवर, घोड्यांनी ओढलेल्या बोटींतून. गारोनला समांतर कालवा १८५६ ला पूर्ण झाला आणि लगेच पुढच्या वर्षी अटलांटिककडच्या बोर्दोहून भूमध्यावरच्या सेतला रेल्वे. १८५८ मध्ये सरकारने कालवा चाळीस वर्षांसाठी चक्क त्या रेल्वे कंपनीलाच चालवायला दिला, मग काय व्हायचं ते झालं. आता हौशी लोकांच्या बोटी असतात, १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. काठावरची ती प्रसिद्ध चिनारासारखी झाडं रिकेची नाहीत, बरीचशी एकोणिसाव्या शतकातली, आणि २००६ पासून त्यांना बुरशीचा रोग लागून हजारोंनी तोडावी लागलीत.

राहिलं शेपूट, घाटावरून कोकणात का नाही. वरचाच हिशोब लावा. नोरूझला तुलूझच्या बाजूने ५७ मीटर चढायला ५० किलोमीटर मिळाले होते. खंडाळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर, आणि खोपोली लगेच पायथ्याला. एका लॉकला अडीच मीटर धरले तर नुसता घाट उतरायला दोनशेच्या वर लॉक, तेही उभ्या काळ्या पाषाणात, म्हणजे फोन्सेरानसारखे पंचवीस-तीस जिने एकाखाली एक. पाणी चार महिने धो धो आणि आठ महिने ठणठणाट, त्यामुळे माथ्यावर सँ-फेरेओलपेक्षा कितीतरी मोठी धरणं लागली असती. तशी धरणं पुढे लोणावळा, वळवण आणि शिरोट्याला झाली, टाटांनी केली, आणि पूर्वेकडे जाणारं पाणी धारेवरून पश्चिमेला वळवून १९१५ मध्ये खोपोलीला उतरवलंही, पण त्या उतारावर बोट उतरवण्याच्या भानगडीत न पडता सरळ पाइपातून टर्बाइनवर सोडलं. त्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.